गाणं कापायचं ऑडॅसिटी आणि एमपीथ्रीचा जुना घोळ

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी मंडळांत दरवर्षी तीच कामं निघतात, पोरांच्या डान्ससाठी तीन गाणी जोडून दे, काकूंचा आवाज वर जात नाही तर कराओके दोन सूर खाली घे. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांच्या काळात पट्टी उतरवायची म्हणजे टेपचा स्पीड कमी करायचा, मग गाणंही रेंगाळायचं. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज पिच केलं की सूर उतरतो, लय तशीच राहते.

हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत सुरू झालं, २००० च्या मेमध्ये बाहेर आलं. फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला.

खरा घोळ एमपीथ्रीचा. कित्येक वर्षं एमपीथ्री एक्सपोर्ट करायला गेलं की ऑडॅसिटी विचारायचं लेमची (एमपीथ्री बनवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) फाइल कुठंय, ती वेगळी डाउनलोड करा, फोल्डर दाखवा, आणि लोक वैतागून म्हणायचे फुकटचं ते असंच असणार. माझ्या मते हा आरोप सरळसरळ अन्याय होता. एमपीथ्रीवर पेटंट होती, तो फॉर्मॅट बनवणारं सॉफ्टवेअर वाटायचं तर लायसन्सचे पैसे भरा, आता ज्याच्या कॉप्या किती निघाल्या हे कुणालाच मोजता येत नाही अशा फुकट प्रोग्रॅमने ते भरायचे तरी कसे? म्हणून लेम बाहेर ठेवलं, ज्याला पाहिजे त्याने आपलं आपण जोडावं. ऑग या दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये एक्सपोर्ट होत होतं पण मंडपातल्या साउंडवाल्याकडे ते वाजेल तर ना! मग वेव्ह, म्हणजे न दाबलेली मोठी फाइल द्यायची, म्हणजे सीडी क्वालिटी स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी, तेव्हाच्या पेनड्राइव्हवर ते जडच. २०१७ मध्ये पेटंटचा विषय संपला, २०१९ च्या २.३.२ पासून लेम आतच येतं, आता नवीन पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

२०२१ तर नुसतं गाजलं. मार्चमध्ये ३.० आलं, प्रोजेक्टची सगळी भानगड एका फाइलमध्ये बसली (आधी सोबतचा डेटा फोल्डर कॉपी करायचा राहिला की काम गेलंच). मग एका कंपनीने ऑडॅसिटी घेतलं, वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला, जुलैत प्रायव्हसीच्या नियमांवरून परत भडका, काहींनी कोड घेऊन वेगळी आवृत्तीच काढली. ओरडणाऱ्यांचं चुकलं नव्हतं, पण इंटरनेट बंद ठेवूनही सगळं कापाकापीचं काम होतं हे त्या गोंधळात कुणी बोललंच नाही.

गायकाचा आवाज काढायची जुनी ट्रिक म्हणजे डावं चॅनेल उजव्यातून वजा करणं, मधोमध असलेलं सगळं जातं, आवाजाबरोबर बेसही. आपली जुनी मोनो गाणी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे वजा केलं की नुसती शांतता. आता एआयवाला प्लगइन मोनोतूनही आवाज वेगळा काढतो, तोही आपल्याच कॉम्प्युटरवर, फक्त जुन्या मशिनला बराच वेळ लागतो.