ट्रॅक्टर माघारी कोण नेणार? मुलाखतींची चिठ्ठ्या-मांडणी कुठून आली

समजा, लासलगावच्या बाजार समितीत कांदा विकायला आलेल्या शेतकऱ्यांच्या वीस मुलाखती घेतल्या. विषय आहे लिलावाचे भाव मोबाईलवर कळवणारी सेवा. एकेक मुलाखत पाऊण तासाची धरली तर पंधरा तासांचं बोलणं झालं. ते शब्दशः उतरवायला बोलण्याच्या दर तासामागे चार ते सहा तास जातात. मागे ट्रॅक्टर सुरू असेल आणि लिलावाची बोली चालू असेल तर त्याहून जास्त. शेवटी अडीचशे-तीनशे पानं हातात येतात आणि त्यात कुठेतरी एक वाक्य सापडतं: ‘भाव कळतो हो, पण ट्रॅक्टर इथवर आणल्यावर माघारी कोण नेणार?’

हे वाक्य कुठे ठेवायचं? ‘भावाची माहिती’ नावाचा कप्पा आधीच तयार असेल तर ते आपसूक तिथे जाऊन पडतं, आणि त्यातलं खरं म्हणणं तिथेच बुजतं. माहितीची उणीव आहे असं हा माणूस म्हणतच नाही. भाडं ठरलेलं आहे, मजुरी देऊन माल भरलेला आहे, त्यामुळे भाव कळून उपयोग नाही, हे तो सांगतोय. कप्पा चुकला की पुढे स्क्रीनवरचे आकडे मोठे करण्यात महिना जातो. डिझाईन रिसर्चमध्ये, म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा घडवण्याआधी ती वापरणाऱ्यांना समजून घेताना, भिंतीवर चिठ्ठ्या लावून जे काम चालतं, ते नेमकी ही चूक टाळण्यासाठी आहे. त्या चिठ्ठ्यांचा इतिहास डिझाईनच्या धंद्याहून बराच जुना आहे.

सुट्या कागदाचा आग्रह स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत ब्रिटिश समाजसंशोधक बीट्रिस वेब यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १८८०च्या दशकात चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली, त्या कामात त्या होत्या. नोंदी कशा ठेवाव्यात हे त्यांनी पुढे १९२६ साली आपल्या आत्मकथनाच्या परिशिष्टात लिहिलं. एका कागदावर एकच गोष्ट, सगळे कागद एका मापाचे, आणि प्रत्येकावर तारीख, ठिकाण आणि माहिती कुठून मिळाली त्याची खूण. वरवर ही कारकुनी शिस्त वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. वहीतल्या नोंदी ज्या क्रमाने ऐकल्या त्याच क्रमाने बांधलेल्या राहतात. सुटे कागद मात्र पुन्हा पिसता येतात, आज गावानुसार लावले तर उद्या कामानुसार, आणि नवी मांडणी केली की आधी न दिसलेला संबंध दिसतो. आजच्या स्टिकी नोटवर मुलाखत क्रमांक लिहायचा राहिला तर शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण पुन्हा ओढवून घेतो.

कुठलं म्हणणं कुठे ठेवायचं, या कोड्याशी महाराष्ट्रातही लोक झुंजले आहेत, फक्त डिझाईनच्या नावाखाली नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांचं विषयवार वर्गीकरण केलं. त्या कामाची अडचण एका उदाहरणावरून कळते. सीतेच्या वनवासाची ओवी रामायणाखाली ठेवायची की सासुरवासाखाली? पंचवटीजवळच्या गावात दळताना सीतेचं दुःख गाणारी बाई बहुधा एकाच वेळी दोन्ही सांगत असते. बोललेल्या शब्दाला एकच कप्पा पुरत नाही, हे मुलाखतींचं काम करणाऱ्याने ओव्यांकडून शिकावं.

भिंतीवरच्या चिठ्ठ्यांची थेट वंशावळ मात्र जपानमधून येते. जिरो कावाकिता हे भूगोल आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक. १९५०च्या दशकात नेपाळच्या डोंगराळ भागात फिरून त्यांनी ढीगभर नोंदी आणल्या. शेती, नातीगोती, देवदेवस्की, व्यापार असं सगळंच त्यात होतं, आणि तयार चौकटीत ते बसेना. त्यातून त्यांनी स्वतःची पद्धत घडवली. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी, म्हणून आद्याक्षरांवरून तिला ‘केजे पद्धत’ म्हणतात. १९६७ सालच्या त्यांच्या पुस्तकाने ती जपानभर पसरली. नेपाळ त्यांनी सोडलं नाही. गावकऱ्यांच्या अडचणी गावकऱ्यांसोबत शोधून पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि दरी ओलांडणारे दोरमार्ग उभे करण्याच्या कामासाठी त्यांना १९८४ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही पद्धत डोंगरात पाणी कुठून आणायचं अशा प्रश्नांच्या सोबतीने वाढली, हे तिच्या आजच्या झटपट वापराकडे पाहताना लक्षात ठेवावं.

तिच्या पायऱ्या सांगायला सोप्या आहेत. एका चिठ्ठीवर एक म्हणणं लिहायचं, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत. सगळ्या चिठ्ठ्या पसरायच्या आणि पुन्हा पुन्हा वाचायच्या. जवळच्या वाटतील त्या दोन-तीन एकत्र आणायच्या. गट जमला की त्याला नाव न देता एक पूर्ण वाक्य द्यायचं, ते वर ठेवून गठ्ठा बांधायचा आणि यापुढे तो गठ्ठा म्हणजे एकच चिठ्ठी मानायची. मग गठ्ठ्यांचे गठ्ठे. दहाच्या आत आले की ते मोठ्या कागदावर मांडून त्यांच्यातले संबंध रेषांनी दाखवायचे: काय कशामुळे होतं, काय कशाच्या विरोधात आहे. शेवटी तो नकाशा सलग गद्यात लिहून काढायचा.

कावाकितांचा सगळ्यात कडक नियम दिशेबद्दल आहे. लहान गटांतून मोठ्यांकडे जायचं, उलट नाही. आधी चार मोठे मथळे लिहून त्यांखाली चिठ्ठ्या वाटल्या तर आपलं आधीचं मतच नीटनेटकं होऊन परत मिळतं. दुसरा नियम एकट्या चिठ्ठीबद्दल आहे. जी कुठेच बसत नाही तिला ओढूनताणून बसवायचं नाही, एकटीच पुढे न्यायची. पुढच्या फेरीत तिला जागा मिळते, किंवा तीच सगळ्यात मोलाची ठरते. शेवटची पायरी, म्हणजे सलग लिहिणं, आज बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. भिंतीवर शेजारी लावलेले दोन गट काहीतरी सांगत असल्याचा भास होतो. ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ हे शब्द घालून वाक्य लिहायला बसलं की कळतं, त्यांच्यातला संबंध अजून सापडलेलाच नाही.

त्याच १९६७ साली अमेरिकेत बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी ग्राउंडेड थिअरी मांडली, म्हणजे सिद्धांत आधी न ठरवता नोंदींतूनच घडवण्याची पद्धत. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी डॉक्टर, नर्स आणि नातेवाईक कसे वागतात याचा अभ्यास त्यांनी केला होता. मुलाखती आणि विश्लेषण आलटून पालटून करणं, नवी नोंद आली की आधीच्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहणं, मनात आलेला तर्क लगेच वेगळ्या टिपणात लिहून ठेवणं, ही त्यांची देणगी. पुढे दोघांचे मतभेद झाले. डिझाईनमध्ये त्यांच्याकडून ‘सॅच्युरेशन’ (नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं होणं) हा शब्द आला आणि आलटून पालटून करण्याची शिस्त मात्र मागेच राहिली. सगळ्या वीस मुलाखती संपवून मग विश्लेषणाला बसलं, तर पाचव्या मुलाखतीत निघालेला ट्रॅक्टरच्या भाड्याचा धागा सहाव्यात विचारताच येत नाही.

जपानमधून केजे पद्धत जगात गेली ती कारखान्यांच्या वाटेने. १९७०च्या दशकात तिथल्या गुणवत्ता चळवळीने व्यवस्थापनाच्या सात नव्या साधनांत ती अॅफिनिटी डायग्राम, म्हणजे जवळच्या नोंदींच्या गटांची आकृती, म्हणून घेतली. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत ज्यांनी क्वालिटी सर्कलचं, म्हणजे गुणवत्ता सुधारणाऱ्या कामगार गटांचं, प्रशिक्षण घेतलं असेल, त्यांना तो डायग्राम त्याच नावाने आठवेल. डिझाईनचे विद्यार्थी तो वेगळ्या वर्गात शिकतात, पण मूळ एकच आहे. साधनाची भरही वेळेवर पडली. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली सापडलेला हलका चिकटणारा गोंद आर्ट फ्राय यांनी कागदाच्या तुकड्याला लावला आणि १९८० पासून पोस्ट-इट अमेरिकेत सर्वत्र विकायला आले. त्यामुळे जमिनीवर किंवा टेबलावर पसरायच्या चिठ्ठ्या भिंतीवर चढल्या आणि आठ-दहा जणांना एकदम वाचता येऊ लागल्या.

सॉफ्टवेअरच्या कामात ही रीत रुजवली कॅरन होल्टझब्लॅट आणि ह्यू बायर यांनी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या कामातून त्यांची कॉन्टेक्स्चुअल डिझाईन पद्धत उभी राहिली आणि १९९८ च्या पुस्तकाने ती सर्वदूर गेली. माणूस काम करतो तिथेच जाऊन बोलायचं आणि ४८ तासांच्या आत चमूसोबत बसून ती मुलाखत फोडायची. पिवळ्या चिठ्ठीवर नोंद. चार-सहा नोंदींवर निळा मथळा, निळ्यांवर गुलाबी, गुलाबींवर हिरवा. मथळे वापरणाऱ्याच्या तोंडचे असावेत, ‘मी’ म्हणून बोलणारे.

लासलगावच्या उदाहरणात हे करून पाहू. ट्रॅक्टरच्या चिठ्ठीजवळ या तीन येतात: ‘मजूर लावून भरला, परत उतरवायचा तर पुन्हा मजुरी.’ ‘कांदाचाळीत सडायला लागला की भाव बघत बसता येत नाही.’ ‘शुक्रवारी सोसायटीचा हप्ता होता, विकणं भाग होतं.’ चारही चिठ्ठ्यांत सामाईक शब्द एकही नाही. संगणकाला ‘भाव’ शोधायला सांगितलं तर दोनच सापडतील. तरी चारही एकच गोष्ट सांगतात, आणि तिचा निळा मथळा होतो: ‘भाव कळतो तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं.’ आता सेवेचा प्रश्नच बदलला. भाव किती, याहून तो केव्हा कळतो हे महत्त्वाचं. माल भरायच्या आदल्या संध्याकाळी काही कळू शकतं का, हे पाहायला हवं. ‘वाहतूक’, ‘साठवण’, ‘कर्ज’ असे एकशब्दी मथळे दिले असते तर या चार चिठ्ठ्या तीन ठिकाणी विखुरल्या असत्या.

मुलाखतींचं विश्लेषण करायच्या सॉफ्टवेअरची कहाणी थोडक्यात सांगता येईल. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉम आणि लिन रिचर्ड्स यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे एनव्हिवो निघालं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रकल्पातून अॅटलस-टीआय आलं. एक वाक्य दोन-तीन कोडखाली (कोड म्हणजे उताऱ्याला दिलेली विषयाची खूण) ठेवणं आणि कोडवरून मूळ उताऱ्यावर परत जाणं त्यांनी सोपं केलं. ओव्यांची अडचण इथे सुटते. नवी अडचण कोड फुगण्याची. दोनशे कोड झाले आणि त्यातले निम्मे एकदाच वापरलेले असले, तर ते वर्गीकरण उरत नाही, नुसती शब्दसूची होते.

२००६ साली दोन लेख आले आणि दोन्हींचा प्रभाव आजही आहे. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी थिमॅटिक अॅनालिसिसचे, म्हणजे मजकुरातून थीम (मुख्य आशयसूत्रं) काढण्याच्या पद्धतीचे, सहा टप्पे मांडले. थीम मजकुरात आयती दडलेली नसते, ती संशोधक घडवतो, हे त्यांनी ठासून सांगितलं. दुसरा लेख ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांचा. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींत पहिल्या बारांतच बहुतेक कोड येऊन गेले होते, असं त्यांना आढळलं. तिथून ‘बारा मुलाखती पुरे’ हे वाक्य सगळीकडे फिरू लागलं. पण त्या मुलाखती बऱ्यापैकी एकसारख्या गटाच्या आणि ठरलेल्या प्रश्नांच्या होत्या. निफाडचा द्राक्ष बागायतदार, पेठचा भात-नागलीवाला आणि मालेगावचा यंत्रमाग कामगार मिळून बारा घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला चारच येतात.

नाशिकमध्ये लोकांत जाऊन प्रश्न शोधण्याच्या या रीतीला २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी जोर आला. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारा कुंभथॉन हा उपक्रम झाला आणि गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर तरुण चमू कामाला लागले.

या जिल्ह्यात एक अडचण विशेष आहे, ती भाषेची. बागलाण-कळवणकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची बोली, शहरात प्रमाण मराठी, आणि चिठ्ठी मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिली जाते. बागायतदार म्हणतो, ‘यंदा छाटणीचं गणितच बसलं नाही.’ चिठ्ठीवर त्याचं ‘नियोजनाची अडचण’ होतं. गोड्या छाटणीची (फळ धरण्यासाठी वेलीच्या छाटणीची) तारीख पावसाच्या अंदाजावर, मजूर टोळीच्या तारखेवर आणि माल कुठल्या महिन्यात बाजारात न्यायचा यावर एकत्र बसवावी लागते. हे सगळं ‘गणित’ या एका शब्दात होतं, आणि भाषांतरात तेच गळलं. म्हणून मूळ वाक्य बोलीत तसंच ठेवावं, खाली हवं तर एक ओळ अर्थ द्यावा. यंत्राकडून शब्दांकन करून घेतलं असेल तर अहिराणी वाक्यं प्रमाण मराठीत ओढली गेली नाहीत ना, हे ध्वनिमुद्रण ऐकून तपासावं. वीसपैकी निदान चार मुलाखती तरी पूर्ण ऐकाव्यात.

आता चिठ्ठ्यांचे गटही यंत्राकडून काही मिनिटांत पाडून मिळतात. ते जवळजवळ नेहमी विषयवार असतात: वाहतूक, साठवण, कर्ज. हे कावाकितांनी नको म्हटलेल्या दिशेनेच जाणं झालं. असे गट पुढ्यात आले तर प्रत्येकातल्या सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात आणि ‘मी’ने सुरू होणारं एक वाक्य त्या सगळ्यांना लागू पडतं का ते पाहावं. नाही पडलं तर तो गट मोडून चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर सुट्या कराव्यात.