जुन्या मराठी कविता आणि स्वामित्वहक्काची मुदत (नाशिक)

एखादी मराठी कविता आंतरजालावर संपूर्ण देता येईल की नाही, हे कविता कधी छापली गेली यावरून ठरत नाही. कवी कधी निवर्तला यावरून ठरते. १९५७ च्या कायद्यानुसार कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे टिकतो.

नाशिकची कविता चाळली की हा हिशेब लगेच उलगडतो. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ सालचा. पण कवी गेले १० मार्च १९९९ रोजी, म्हणून तो मुक्त, म्हणजे कोणालाही परवानगीविना छापता येण्याजोगा, होईल १ जानेवारी २०६० ला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली गीते २०६५ मध्ये मुक्त होतील. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांच्या अख्ख्या कविता फोनवरून फोनवर जातात. त्यामागचे प्रेम खरे असते, पण खाली कवीचे नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. समीक्षेत ओळी उद्धृत करणे किंवा जाहीर वाचनात वाजवी उतारा म्हणणे यांना कायद्याची मुभा आहे.

भगूरचे वि. दा. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले. मुदत मूळची ५० वर्षांचीच राहिली असती, तर त्यांची कविता २०१७ मध्येच सर्वांची झाली असती. परंतु रवींद्रनाथ ठाकूरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होते, त्या सुमारास कायदा दुरुस्त होऊन ५० ची ६० वर्षे झाली. परिणामी सावरकरांच्या हयातीत छापलेल्या कविता १ जानेवारी २०२७ पासून मुक्त ठरतात. एका कवीसाठी वाढवलेली ही दहा वर्षे सगळ्याच भाषांतल्या वाचकांना मोजावी लागली, आणि ती मराठीला महाग पडली.

स्वातंत्र्यकवी गोविंद (१८७४–१९२६) यांची कविता मात्र केव्हाच मुक्त झाली आहे. त्यांच्या कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती. आज त्या कोणीही, कोणालाही न विचारता प्रसिद्ध करू शकतो. हे काम नाशिककरांनी आवर्जून करावे असे आहे.

कवीच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या कवितांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती २०१३ पासून मुक्त आहेत.

कविता मुक्त झाली तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रे किंवा त्या कवितेचे अलीकडचे ध्वनिमुद्रण मुक्त होत नाही. त्यांची मुदत वेगळी चालते. म्हणून मराठी विकिस्रोतासारख्या (मुक्त साहित्याच्या आंतरजालावरील ग्रंथालयासारख्या) ठिकाणी मजकूर चढवताना जुनी छापील आवृत्ती समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावे. फिरत्या संदेशांत शब्द बदललेले असतात, कडवी गळालेली असतात आणि कधी कवीचे नावही दुसरेच असते.