काडतूस आगीत पडलं तर गोळी सुटते का?

“सुटं काडतूस आगीत पडलं की बंदुकीतून सुटावी तशीच गोळी सुटते,” हे वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे, आवाजच दचकवणारा होतो. पण गोळीला वेग मिळतो तो बंदुकीमुळे: जळालेल्या दारूचा वायू गोळीमागे कोंडतो आणि नळीभर गोळीला ढकलत राहतो. उघड्यावर पितळी पुंगळीच, म्हणजे दारू भरलेलं काडतुसाचं आवरणच, फाटते, दाब वाट मिळेल तिथून निसटतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसात गोळी साधारण ७.५ ग्रॅमची, पुंगळी जेमतेम ४ ग्रॅमची. त्यामुळे हलकी पुंगळीच जास्त जोरात उडते. तिचा तुकडा डोळ्यात गेला तर डोळा जाईल, तेव्हा आगीशी खेळ नकोच. नळीने काय फरक पडतो ते बघायचं तर कागदाचा बोळा तळहातावर ठेवून फुंका, मग स्ट्रॉमध्ये घालून फुंका. भरलेली बंदूक आगीत सापडली तर मात्र गोळी खरंच सुटते. तिथे नळी आहे ना!