गोव्यातील युवकांचा राजकीय सहभाग

राज्याच्या आणि देशाच्या कारभाराविषयीचे निर्णय होताना तरुण पिढी मतदार, उमेदवार, कार्यकर्ता, आंदोलक किंवा हरकतदार या नात्याने घेत असलेला भाग. भारताच्या 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29 हा वयोगट युवक मानला आहे. मताचा हक्क 18 व्या वर्षी मिळतो. पंचायत आणि नगरपालिका 21 व्या वर्षी लढवता येते, विधानसभा आणि लोकसभा 25 व्या, तर राज्यसभेसाठी तिशी गाठावी लागते. गोव्याच्या वाट्याला लोकसभेच्या 2 आणि राज्यसभेची 1 जागा आहे. त्यांपैकी उत्तर गोव्यातून श्रीपाद नाईक 1999 पासून सलग निवडून येत आहेत. दिल्लीचा दरवाजा एवढा अरुंद असल्यामुळे गोव्यातला तरुण राष्ट्रीय प्रश्नाला बहुधा गावाच्या बाजूने भिडतो. संसदेत किंवा केंद्रीय मंत्रालयात झालेला निर्णय त्याच्या नदीवर, डोंगरावर किंवा रेल्वेरुळावर येऊन पोचतो आणि तिथून त्याचे राजकारण सुरू होते. येथील युवक सहभागाचा हिशेब केवळ तरुण आमदार-खासदार मोजून मांडला, तर त्याचा मोठा भाग नजरेतून सुटतो.

पूर्वपीठिका

18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी भाषणबंदी मोडली आणि नागरी हक्कांच्या लढ्याला तोंड फुटले. मुक्तिलढ्यात अनेकांनी विशीतच उडी घेतली. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते थेट 1969 मध्ये.

मुक्तीनंतरचा सर्वांत मोठा निर्णय 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. मताचे वय त्या वेळी 21 होते, त्यामुळे विशीच्या आतल्या मुलामुलींना मत नव्हते, तरी प्रचार आणि वाद त्यांच्याही घरात होते. विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक प्रभावी साधन म्हणजे ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातले उदय भेंब्रे यांचे सदर. भेंब्रे तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मराठीतून लिहायचे आणि गोव्याचे वेगळेपण राखायचे, या दोन गोष्टींत त्या तरुणांना विसंगती वाटली नाही. तितक्याच तळमळीने फुलाचा प्रचार करणारे तरुणही घरोघरी होते आणि त्यांची निष्ठाही तेवढीच खरी होती.

शशिकला काकोडकर 1973 मध्ये मुख्यमंत्री झाल्या तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1978-79 मध्ये, विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी आंदोलन उभारले आणि सवलत मिळवली. गावोगावची कॉलेजात जाणारी पिढी आपल्या रोजच्या गरजेसाठी प्रथमच एकत्र रस्त्यावर उतरली, म्हणून या लढ्याला गोव्याच्या राजकारणात वेगळे स्थान द्यायला हवे. पुढे राजभाषा आंदोलनात कोकणी आणि मराठी अशा दोन्ही बाजूंना विद्यार्थी होते. फेब्रुवारी 1987 मध्ये राजभाषा कायदा झाला: कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या सरकारी वापराची तरतूद झाली. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य बनला. 61 व्या घटनादुरुस्तीने मताचे वय 21 वरून 18 वर आल्यावर नोव्हेंबर 1989 च्या विधानसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या गोमंतकीयांनी पहिल्यांदा मतदान केले.

ग्रामसभा

गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत आणि 1994 च्या पंचायत राज कायद्याने प्रत्येकीला ग्रामसभा दिली आहे. तिचा सदस्य होण्यासाठी निवडून यावे लागत नाही. पंचायतीच्या मतदारयादीत नाव असले की झाले. अठरा वर्षांच्या मुलीचा आणि सत्तरीच्या माजी सरपंचाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार इथे सारखाच आहे.

सभा साधारणपणे रविवारी पंचायतीच्या सभागृहात भरते. सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो, जमाखर्च मांडला जातो आणि मग खरी सभा सुरू होते. डोंगरकापणीला परवाना कोणी दिला, शेतजमिनीचे रूपांतर कसे झाले, कचरा कुठे टाकला जातो, नव्या वसाहतीला पाणी कुठून देणार? पूर्वी असे प्रश्न तोंडी यायचे आणि तोंडीच विरायचे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानंतर तरुण हातात कागद घेऊन उभे राहू लागले: एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), परवान्याची प्रत, मोबाईलवर त्याच सर्व्हे क्रमांकाचे उपग्रहचित्र. तरीही ‘तू कोणाचा?’ हा ज्येष्ठांचा पहिला प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो, आणि वाड्यावरचे नातेसंबंध सांभाळून बोलावे लागते. मुलींना हे अधिकच जड जाते. म्हणून जाणते कार्यकर्ते नवख्यांना एक गोष्ट आधी शिकवतात: भाषण कितीही चांगले झाले तरी ठराव शब्दशः इतिवृत्तात उतरल्याशिवाय जागेवरून हलायचे नाही. पुढे न्यायालयात किंवा खात्यात कामी येतो तो लिहिलेला ठराव.

राष्ट्रीय विषयही याच सभागृहात येतात. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवी, झुवारी, साळ, शापोरा, म्हापसा आणि कुंभारजुवे या गोव्यातल्या 6 नद्या राष्ट्रीय जलमार्ग ठरल्या. म्हादई नदीच्या पाण्याच्या वाटपाविषयी आंतरराज्य लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे आराखडे केंद्राच्या अधिसूचनेनुसार बनतात, पण आपल्या गावातला खाजनबांध (खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा बांध), वाळूचा टेकडा किंवा मच्छीमारांची वस्ती नकाशावर आहे की नाही, हे गावातल्याच माणसाला कळते. नकाशा वाचता येणारा तरुण अशा वेळी संबंध गावाच्या उपयोगी पडतो.

मोलें

केंद्रीय निर्णय आणि गोव्याचा तरुण यांची सर्वांत ठळक गाठ मोलेंच्या प्रश्नावर पडली. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरस्थ बैठकीत भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यान परिसरातल्या काही प्रकल्पांना पुढे वाट दिली. रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि 400 किलोव्होल्टची वीजवाहिनी असे मिळून तीन प्रकल्प होते. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. वास्कोत 2017 मध्ये कोळसा हाताळणीच्या विस्तारावर गाजलेल्या जनसुनावण्या लोकांच्या आठवणीत ताज्या होत्या.

रस्त्यावर उतरायला बंदी असताना तरुणांनी कामे वाटून घेतली. वन्यजीव अभ्यासकांनी पर्यावरण अहवालातल्या उणिवा काढल्या, वकिलांनी मुद्दे बांधले, चित्रकारांनी रानातले प्राणी आणि झाडे काढून लोकांपुढे ठेवली, विद्यार्थ्यांनी मंत्रालयाला पत्रे लिहिली. ‘आमचें मोलें’ हे या मोहिमेचे नाव घरोघरी गेले. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रेल्वेरुळांजवळ जमले. तरुणांबरोबर म्हातारीकोतारीही मेणबत्त्या घेऊन रात्रभर थांबली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने 2021 मध्ये रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध शिफारस केली आणि 9 मे 2022 रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळें या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. एकही आमदार निवडून न आणता तरुणांनी केंद्रीय निर्णयावर एवढा परिणाम घडवल्याचे गोव्यात दुसरे उदाहरण सापडणे कठीण. याच सुमारास, जानेवारी 2021 मध्ये, सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी जमीन देण्यास ग्रामस्थांनी विरोध केला. महिला आणि तरुण आघाडीवर होते, आणि सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला.

पक्ष आणि उमेदवारी

बहुतेक पक्षांच्या युवा आणि विद्यार्थी शाखा आहेत. निवडणुकीत बूथ सांभाळणे, मतदारांच्या चिठ्ठ्या पोचवणे, सभेला माणसे जमवणे ही कामे तरुणच करतात. उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत मात्र ते क्वचित असतात. चाळीस आमदारांच्या विधानसभेत 2022 मध्ये पती-पत्नीच्या तीन जोड्या निवडून आल्या, यावरून घराण्यांची पकड कळावी. त्याच निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्स या तरुणांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पक्षाचे वीरेश बोरकर सांत आंद्रेतून 76 मतांनी जिंकले. या पक्षाच्या ‘मूळ गोमंतकीय’ व्याख्येवर तीव्र मतभेद आहेत, पण पैसा आणि घराणे नसलेल्या तरुणालाही आमदारकी मिळू शकते हे त्या निकालाने दाखवले.

पक्षांतरांनी तरुण मतदाराचे मन सर्वाधिक मोडले आहे. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार आणि सप्टेंबर 2022 मध्ये 8 आमदार भाजपमध्ये गेले. दुसऱ्या खेपेच्या आमदारांनी तर निवडणुकीआधी देऊळ, चर्च आणि दर्ग्यात एकनिष्ठेची शपथ घेतली होती. पहिल्यांदा मत दिलेल्या मुलांसाठी हा विश्वासघातच होता.

विद्यार्थी मंडळांच्या निवडणुका लिंगडोह समितीच्या शिफारशींच्या चौकटीत होतात. त्यात खर्चाची मर्यादा उमेदवारामागे 5,000 रुपये आहे. 2023 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने लोकसभेच्या उमेदवारीचे वय 25 वरून 18 करण्याची शिफारस केली. निवडणूक आयोग त्याला अनुकूल नव्हता.

मतदारयादीबाहेरचे तरुण

2022 पासून नावनोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात त्या) आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. गोव्याची अडचण त्यापुढची आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते आणि नोकरीसाठी ते घेणारे तरुण पुष्कळ आहेत. परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्याबरोबर मताचा हक्कही. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी मत देता येत नाही. जहाजावर काम करणाऱ्या तारवटींचे नागरिकत्व कायम असते, नाव यादीत असते, पण मतदान प्रत्यक्ष केंद्रावर येऊनच करावे लागते. जहाजाचा करार निवडणुकीच्या तारखा पाहून होत नाही. त्या दिवशी जो रजेवर घरी असेल तोच मत देतो.