प्लॅस्टिकचे प्रतिकृती-संच

विमान, जहाज, रणगाडा किंवा मोटार यांची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, सुट्या भागांत विकली जाणारी आणि घरी जोडून रंगवायची प्रतिकृती. भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते थिजले की साचा उघडून भाग बाहेर ढकलतात. संचात दिसणाऱ्या बहुतेक उणिवांचे मूळ या एका कृतीत आहे.

पेणची किंवा कोकणातल्या कुठल्याही गावची गणपतीची शाळा पाहिलेल्याला हे लवकर उमगते. प्लास्टरच्या मूर्तीचा रबरी साचा लवचिक असतो. सोंडेखाली किंवा हातामागे पोकळी असली तरी तो सोलून काढता येतो. पोलाद वाकत नाही. म्हणून भागाच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो आणि आत वळलेली खाच टाळावी लागते. विमानाचे धड दोन उभ्या फाकांत येते, तोफेची नळी टोकाला भरीव राहते. तिचे तोंड पोकळ हवे असेल तर साच्याला आडवे सरकणारे भाग जोडावे लागतात; साचा महागतो, पाठोपाठ खोक्याची किंमतही. मूर्तीवरचा साच्याचा जोड शाळेतच पॉलिशपेपरने घासला जातो. संचातला जोड घासण्याचे काम मात्र विकत घेणाऱ्याकडे येते.

दुसरी अडचण जाडीची. पंखाची मागची कड साच्यात 1 मिलिमीटर ठेवली, तर 1/72 प्रमाणात ती खऱ्या विमानावर 7 सेंटिमीटरहून जाड ठरते. फार पातळ केली तर प्लॅस्टिक टोकापर्यंत पोहोचत नाही किंवा भाग वाकतो. एखादी जागा फार जाड ठेवली तर थंड होताना आकसून पृष्ठभागावर खळगा पडतो. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांचेही तसेच. 0.2 मिलिमीटरची रेष 1/72 मध्ये 14 मिलिमीटरची फट होते, जी कोणत्याही उडत्या विमानाला नसते. तरीही ती कोरतात, कारण रंगाचे थर चढल्यावर त्याहून बारीक रेष बुजून जाते. जुन्या संचांत या रेषा उठावाच्या असत. त्यामागे निष्काळजीपणा नव्हता: पोलादात रेष कोरली की प्लॅस्टिकवर ती उठून येते, आणि खोल रेष हवी असेल तर साच्यात तिच्याभोवतीचे सगळे पोलाद काढावे लागते.

किंमत आधी ठरते आणि आराखडा तिच्यामागून येतो, हेही जुनेच आहे. एअरफिक्स या ब्रिटिश संच-कंपनीचे ‘गोल्डन हाइंड’ हे गलबत 1952 साली वूलवर्थ या साखळीच्या दुकानांत दोन शिलिंगला विकता यावे, म्हणून ते लहान प्रमाणात केले गेले आणि खोक्याऐवजी पिशवीत भरले गेले. 1971 मध्ये शिझुओकाच्या जपानी कंपन्यांनी 1/700 प्रमाणातली युद्धनौकांची मालिका सुरू केली, त्यात पाण्याखालचा तळच वगळला. मालवणच्या किंवा दाभोळच्या किनाऱ्यावर उभे राहून जहाज पाहणाऱ्याला ते तसेच दिसते, त्यामुळे ही निवड मला फार शहाणी वाटते. त्याच प्रमाणात कठड्याची 25 मिलिमीटरची नळी 0.04 मिलिमीटरहूनही बारीक होते. प्लॅस्टिकमध्ये ती शक्य नाही. हौशी माणसे पितळी पत्र्याचे कोरीव कठडे वेगळे घेतात, आणि संचात कठडा नसणे ही चूक धरत नाहीत.

नौदलाच्या विमानांत पंखांची घडी हा खास पेच. पहिल्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या सी हॉक या लढाऊ विमानाचे पंख वर दुमडत. घडीची सोय द्यायची तर संचातला पंख मधोमध तोडावा लागतो, आणि पसरून जोडणाऱ्याच्या वाट्याला नेमक्या नजरेच्या जागी एक कमजोर सांधा येतो. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभे आहे. कोकणातल्या हौशी माणसाला घडीची जागा, चाकांच्या खोबणी आणि नाकाचा गोलावा तिथे जाऊन डोळ्यांनी ताडून पाहता येतो.

दर्जा कशाला म्हणावे? प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते आकार सगळ्यांत आधी. फट पुट्टीने भरते, राहिलेला तपशील तारेच्या तुकड्याने करता येतो. पण नाकाचा किंवा कॉकपिटच्या काचेचा आकार चुकला तर उपाय नाही. मूर्तीचा चेहरा साच्यातच बिघडला तर डोळ्यांची आखणी कितीही सुरेख असो, ती त्याला सावरत नाही. त्याखालोखाल भाग एकमेकांत नीट बसणे. सुट्या भागांची संख्या मात्र दर्जाचे माप नव्हे. जुना साचा नव्या खोक्यात पुन्हा विकला जातो, आणि झिजलेल्या साच्यातून भागांच्या कडेला पातळ पदर येतो, म्हणून साचा मूळ कोणत्या वर्षाचा हे घेण्याआधी शोधावे. बिनगोंदाच्या, नुसत्या दाबून बसणाऱ्या संचांकडून वेगळी अपेक्षा ठेवावी: त्यांत खुंट्यांना जाडी लागते आणि सांधा उघडा दिसतो, पण दहा वर्षांच्या मुलाला ते एका दुपारी जोडता येतात.

कोकणात आणखी एक कसोटी लागते, ती हवेची. आषाढ-श्रावणात लॅकर रंग मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि रंग पांढुरका पडतो. सावकाश उडणारे थिनर मिसळावे, एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पिचकारीच्या) नळीला पाणी अडवणारी बाटली लावावी, नाहीतर उघाडीची वाट पाहावी. सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे तो इथे झटकन धरतो, आणि काचेच्या भागांवर पांढरी बुरशीसारखी साय सोडतो. काचेसाठी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद बरा. डेकलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचे) कागद दमटपणाने एकमेकांना चिकटतात. ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पितळी कठडे खाऱ्या वाऱ्याने काळवंडतात, म्हणून ते बसवल्यावर रंगाचा हात फार दिवस लांबवू नये.