लिहायचं इथं, छापायचं घाटावर: डीटीपी फाइल ते पीडीएफ

कुडाळ, कणकवली, चिपळूण, महाड, कुठल्याही गावातल्या डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका करायला टाका. संध्याकाळपर्यंत प्रूफाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येऊन पडते. पण "ओपन फाइल द्या", म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, असं म्हटलं की तोच माणूस जरा आवरतं घेतो. त्यात त्याची मेहनत असते हे एक कारण. दुसरं कारण असं, की ती फाइल त्याच्या कॉम्प्युटरबाहेर नीट उघडेल याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. पीडीएफ आली ती नेमकी या दुसऱ्या अडचणीपोटी. कोकणात ही अडचण जास्त बोचली, कारण पान तयार होतं एकीकडे आणि छापलं जातं दुसरीकडे, हा इथला जुनाच रिवाज.

'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, पण ६ जानेवारी १८३२ ला ते पत्र निघालं मुंबईत. १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, तेही दिनदर्शिका काढायला मुंबईतच. खिळ्यांचे छापखाने किनाऱ्यावरही होते आणि पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं तिथं निघत. चार रंगांचं किंवा जाडजूड काम मात्र मुंबईला जायचं, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला.

१९८४ मध्ये अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट आली. पान म्हणजे ठिपक्यांचा ढीग न समजता 'इथून इथवर रेघ, इथं हे अक्षर' अशा सूचनांत ते प्रिंटरला सांगायची ही भाषा. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आणि पान लावायचा आल्डसचा प्रोग्रॅम पेजमेकर आला आणि टेबलावर पान लावण्याचा धंदा, म्हणजेच डीटीपी, सुरू झाला. मराठीत त्याला जोड मिळाली ती पुण्याच्या सी-डॅकच्या आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉण्टची. खिळे जुळवणारे हात कीबोर्डवर आले आणि जिल्ह्याजिल्ह्यात 'कॉम्प्युटर टाइपसेटिंग' अशा पाट्या लागल्या.

गोची होती ती त्या फॉण्टांत. तेव्हाच्या एका फॉण्टात जेमतेम २५६ जागा. मराठीचे अर्धे वर्ण, काने, वेलांट्या, रफार सगळं त्यांत कोंबायचं, आणि बहुतेक जागा इंग्रजी अक्षरांनी आधीच धरलेल्या. मग इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चित्र बसवलं गेलं. प्रत्येक कंपनीनं हे आपापल्या परीनं केलं, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉण्टात नुसता कचरा दिसे. वर फॉण्टाला हार्डवेअर लॉक, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायची डबी. ती नसेल तर प्रोग्रॅम चालायचाच नाही.

पेजमेकरची फाइल फॉण्ट पोटात घेत नाही, त्याचं फक्त नाव लिहून ठेवते. मोठ्या चित्रांचंही सहसा तसंच, पत्ता ठेवायचा आणि चित्र बाहेर. म्हणजे स्मरणिका १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर भरून कोल्हापूरला धाडली, तरी तिथं तोच फॉण्ट, शक्यतो तीच आवृत्ती, आणि सगळी चित्रं जागच्या जागी हवीत. एवढं जमण्यापेक्षा लोकांनी सरळ बटर काढले. लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर उलटी किंवा सुलटी प्रत काढायची, पुठ्ठ्यात घालून एसटीच्या पार्सलला लावायची आणि ती आंबा घाटातून नाहीतर गगनबावड्यावरून प्रेसवर पोचायची. रंगीत काम असेल तर चार रंगांच्या चार पॉझिटिव्ह, म्हणजे प्लेट बनवायच्या फिल्मी. एक काना राहिला की पुन्हा तीच वारी. पावसाळ्यात घाटात दरड आली की ती वारीही लटकली.

अमेरिकेत अडचण वेगळी होती, पण त्याच जातीची. एका कॉम्प्युटरवरचा कागद दुसऱ्यावर जसाच्या तसा दिसत नव्हता. अडोबीच्या जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमेलॉट' नावाचं एक टिपण लिहिलं आणि त्यातून १९९३ च्या जूनमध्ये ॲक्रोबॅट हा प्रोग्रॅम आणि पीडीएफ बाहेर पडलं. गंमत म्हणजे पीडीएफ नुसती वाचायचा रीडरही सुरुवातीला विकत होता, ५० डॉलरना. तो पुढे फुकट झाला नसता तर हा प्रकार आपल्यापर्यंत पोचलाच नसता, असं मला वाटतं.

पेजमेकरवरून पीडीएफ काढायची रीत सुरुवातीला द्राविडी प्राणायामाचीच होती. आधी पान कागदाऐवजी फाइलीत छापायचं, म्हणजे पोस्टस्क्रिप्टची 'पीएस' फाइल मिळे. मग ती डिस्टिलर या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकायची. तिथं फॉण्ट एम्बेड करायची खूण असे. ती केली तर लागलेली अक्षरं पीडीएफच्या पोटात जायची आणि समोरच्याकडे ना फॉण्ट लागे ना डबी. खूण राहिली तर पत्रिकेवरच्या कुलस्वामिनीच्या जागी इंग्रजी अक्षरांची ओळ. फोनवरून "अरे, ह्या काय धाडलंस?" ठरलेलं.

कोरल ड्रॉ या चित्रं-अक्षरं मांडायच्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांनी दुसरी पळवाट काढली, ती म्हणजे 'कर्व्ह'. सगळी अक्षरं आकारांत बदलून टाकायची, फॉण्टचा प्रश्नच मिटला. "कर्व्ह करून पाठव" हे वाक्य अजून प्रत्येक प्रेसवर ऐकू येतं. पण कर्व्ह केलेल्या पानात 'चि.सौ.कां.' मधला अनुस्वार राहिला तर तो टाइप करून घालता येत नाही, मूळ फाइलच उघडावी लागते. म्हणून शहाणा डीटीपीवाला कर्व्हची प्रत वेगळ्या नावानं ठेवतो.

पुढचं भराभर झालं. छपाईसाठीच्या पीडीएफ-एक्सचं आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आलं. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झालं, म्हणजे एका कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. प्लेट थेट कॉम्प्युटरवरून निघू लागल्यावर पॉझिटिव्हही गेल्या. २०१५ च्या विंडोज १० मध्ये 'प्रिंट टू पीडीएफ' आयतंच मिळालं, आणि २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवता येऊ लागली. गावच्या मंडळाची मुंबई शाखा लालबागला नाहीतर डोंबिवलीला बसून सप्ताहाच्या पत्रिकेचं प्रूफ बघू लागली. प्रूफ चाळीस जण बघतात आणि खजिनदाराच्या नावामागचा 'श्री.' तरीही राहतो, त्याला पीडीएफ तरी काय करणार.

एक घोळ मात्र रोजचा आहे. मोबाइलवर बघायची पीडीएफ हलकी, चित्रं दाबलेली, रंग आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात. प्रेसला हवी ती सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या चार शाईंची, चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि कडेनं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायला जादा कड, सोडलेली. मंडळाचे लोक प्रूफाचीच पीडीएफ प्रेसकडे फॉरवर्ड करतात आणि मग देवळाच्या कळसाचा फोटो फुटला म्हणून भांडतात.

याहून खोल दुखणं पीडीएफच्या आत आहे. ती पानाचं रूप जपते, मजकूर जपेलच असं नाही. कृतिदेव या तशाच जुन्या फॉण्टात 'भारत' दिसतं तेव्हा खाली साठवलेलं असतं एच, के, के, जे, आर. पीडीएफमधून कॉपी केलं की तेच हाती येतं. प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं सगळंच सुटतं असंही नाही. पहिली (ऱ्हस्व) वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जाते, त्यामुळे काही पीडीएफमधून 'रत्नागिरी' उचलताना वेलांटी 'ग'च्या आधी जाऊन बसते आणि शोधात ते गाव सापडत नाही. जुन्या स्मरणिकांच्या पीडीएफमध्ये आजोबांचं नाव शोधणाऱ्याला म्हणून पानन् पान डोळ्यांनीच चाळावं लागतं.

तरी ज्यांनी वेळेत पीडीएफ करून ठेवल्या त्यांच्याकडे निदान पानं आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. अडोबीचं पान लावायचं पुढचं सॉफ्टवेअर इनडिझाइन त्या फाइली उघडायचं, पण सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. मायक्रोसॉफ्टचा तसाच प्रोग्रॅम पब्लिशर आपल्याकडे फारसा कुणी वापरला नाही, पण तोही ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद होतोय आणि त्याच्या फाइली आधीच पीडीएफ करून घ्या असं कंपनीच सांगते. फॉण्टाच्या काही जुन्या डब्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायच्या, आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. त्यामुळे काही दुकानांत कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर अजून काढलेला नाही. कुणी जुनी ओपन फाइल मागायला आला की तो सुरू करायचा आणि आधी तिची पीडीएफ काढून घ्यायची.