जुन्या पिकअपच्या पत्र्याखाली नवी यंत्रणा

1951 ची शेव्हरोले 3100 पिकअप समोरून पाहिली की आधी नजरेत भरते ती पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. मग फुगीर मडगार्ड आणि त्यांत बसवलेले गोल दिवे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून 1955 च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअपचा हाच घाट होता. आज तिथल्या कितीतरी गॅरेजांत अशी जुनी केबिन चेसिसवरून, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावरून उचलतात, पत्रा जपतात आणि खालचं जवळपास सगळं बदलतात. या कामाला रेस्टोमॉड म्हणतात. पुष्कळांना ती नुसती हौस वाटते. मला मात्र ते काम पाहताना गाडी ही काय चीज आहे ते नव्याने कळतं, कारण तिचा एकही भाग एकटा बदलता येत नाही.

सुरुवात बहुधा इंजिनापासून होते. मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन साडेतीन लिटरचं, ताकद सुमारे 90 अश्वशक्ती. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.11, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा 4.11 फेरे घेतो. त्यामुळे ताशी 105 किलोमीटरला इंजिन मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घेतं, म्हणजे आपल्या कमाल ताकदीच्या अगदी जवळ. अमेरिकेतल्या इंटरस्टेट महामार्गांचा कायदा 1956 चा. ही गाडी त्याआधीची, कच्च्या रस्त्यांची आणि शेतांची. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

मग भंगारातल्या एखाद्या सिल्व्हराडोमधून, म्हणजे शेव्हरोलेच्याच अलीकडच्या पिकअपमधून, 5.3 लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन काढून इथे बसवतात. इंधन इंजेक्शनने येतं, सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजत राहतो आणि संगणक त्यावरून पेट्रोलचं माप ठरवतो. सोबत ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कमी फेऱ्यांत भागवू देणारा गिअरबॉक्स आणि नवा मागचा अ‍ॅक्सल आला, की त्याच वेगाला फेरे दोन हजारांच्या आसपास येतात. पण पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, जवळपास दुप्पट झाली. तो पिळ सोसायचा कोणी? चेसिसने.

जुन्या चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या. हे उघडेपण किती महाग पडतं ते घरीच पाहता येईल. अगरबत्तीचा रिकामा चौकोनी पुडा दोन्ही टोकांना धरून पिळा. तो दाद देत नाही. आता त्याच्या एका कडेला लांबीभर चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच आहे, तरी पुडा सहज वळतो. बंद नळीत पिळाचा ताण भिंतीभिंतीने फिरून पूर्ण वेढा घेतो. चीर पडली की तो वेढा तुटतो आणि ताणाला पत्र्याच्या जाडीतच मागे वळावं लागतं. म्हणून कारागीर ‘सी’ची उघडी बाजू पट्टी वेल्ड करून बंद करतात. 150 बाय 60 मिलिमीटरच्या, 4 मिलिमीटर जाड पत्र्याच्या अशा ‘सी’ पट्टीचा हिशेब केला, तर तिचा पिळाला होणारा विरोध चारशे पटींहून अधिक वाढतो. अख्ख्या चेसिसचा ताठपणा एवढा वाढत नाही, कारण आडव्या पट्ट्या आणि सांधेही पिळले जातात. तरी फरक मोठा पडतो.

जुन्या चेसिसचं लवचीक असणं ही चूक नव्हती. खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून ती थोडी वळायची. चेसिस ताठ केली की ते काम सस्पेन्शनने करायचं. त्यामुळे पुढचा सरळ अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे काढून दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देतात. मागे मात्र खरा पेच आहे. मागचे पाटे अर्धा टन मालासाठी ताठ ठेवलेले असतात, म्हणून रिकाम्या हौद्याने गाडी खडखडत उडते. मऊ स्प्रिंगा घातल्या की बसणाऱ्याला सुख मिळतं, पण माल भरला की मागची बाजू बसते. बरेच जण सुख निवडतात. मला ते खटकतं. ओझं वाहता येत नसेल, तर ती पिकअप कसली?

ब्रेकच्या बाबतीत दुमत नको. जुन्या ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, तापला की प्रसरण पावून आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो, आणि उतारावर पेडल खाली खाली जाऊ लागतं. नव्या ब्रेकची डिस्क, म्हणजे दोन पॅडच्या चिमटीत फिरणारी चकती, वाऱ्यात उघडी असते आणि तापली तरी पॅडपासून दूर जात नाही. पेडलचा दाब तेलातून चाकांपर्यंत पोचवणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरला कप्पा एकच होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. नव्यात दोन स्वतंत्र कप्पे असतात. शिवाय ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकतं आणि रिकाम्या पिकअपची मागची चाकं लगेच जाम होतात. म्हणून मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो.

पेट्रोलची टाकी तर त्या काळी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असायची! ती काढून हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये नेणं हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा बदल.

गेल्या काही वर्षांत इंजिनच काढून टाकायची वाट निघाली आहे. 2021 मध्ये लास वेगासच्या सेमा या गाड्यांच्या सुट्या भागांच्या आणि बदलांच्या प्रदर्शनात फोर्डने 1978 ची एफ-100 पिकअप मांडली. तिच्यात विजेच्या दोन मोटर होत्या आणि एकूण ताकद 480 अश्वशक्ती होती. पण घाट जुनाच, आणि हवा त्याची गय करत नाही. वेग ताशी 80 वरून 110 किलोमीटरवर गेला की हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती अडीच पटींहून जास्त. उभी काच, रुंद तोंड आणि उघडा हौदा असेल, तर हा खर्च थेट बॅटरीतून जातो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. मात्र पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांनी मंजूर केलेलं इलेक्ट्रिक किट बसवायची सोय नियमांत आहे. शहरात, ताशी 40-50 च्या वेगाला हवेचा विरोध थोडा असतो आणि ब्रेक दाबताना मोटरच जनित्र होऊन काही वीज परत बॅटरीत भरते. जुन्या घाटाच्या गाडीला विजेची मोटर सगळ्यात शोभते ती अशा रहदारीत.